नव्याने वाचू लागलेल्या मुलांसाठी स्पॅनिश प्राणिकथा : वाचून दाखवावी की वाचायला द्यावी?

मृण्मयी_वाचनवेळ

नमस्कार. मी सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या एका लहान गटाला स्पॅनिश शिकवते. या मुलांची घरची भाषा मराठी आहे, देवनागरी त्यांना बऱ्यापैकी वाचता येते आणि इंग्रजीमुळे रोमन अक्षरांची ओळख झालेली आहे. रंग, अंक, घरातली माणसे आणि प्राणी एवढा तोंडी शब्दसंग्रह झाल्यामुळे आता त्यांच्या हाती पहिली गोष्ट द्यावी असे मला वाटते. मी निवडलेली गोष्ट अद्भुत प्राण्यांची आहे. तळ्यातल्या बेडकीला एका रात्री पाण्यात चंद्र दिसत नाही, म्हणून ती कासव, गाय आणि अंधाराला घाबरणारे वटवाघूळ यांना सोबत घेऊन त्याच्या शोधात निघते. वाटेत गाय उडते, कासव गाते आणि प्रत्येक पानाच्या शेवटी 'दोंदे एस्ता ला लूना?', म्हणजे 'चंद्र कुठे आहे?', हा प्रश्न येतो.

माझी अडचण अशी आहे की स्पॅनिशमध्ये अक्षरे जुळवून वाचणे मुलांना फार लवकर जमते. ती पानच्या पान खणखणीत वाचतात, पण वाचलेले त्यांना समजले आहे की नाही, हे त्या वाचनावरून मुळीच ओळखता येत नाही. अशा वेळी ही गोष्ट मी केवळ वाचून दाखवावी, की मुलांना स्वतः वाचू द्यावी? आणि ज्या भाषेत साधी वाक्येही नवी आहेत, तिथे उडणारी गाय आणून मी मुलांचा गोंधळ वाढवते आहे का?

स्वरमाला

तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि त्याला संशोधनाचा आधारही आहे. फिलिप सीमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली युरोपातल्या १३ लेखनपद्धतींची तुलना प्रसिद्ध केली होती. पहिलीतली स्पॅनिश मुले परिचित शब्द सुमारे ९५ टक्के अचूक वाचत होती, तर त्याच टप्प्यावर इंग्रजी वाचणाऱ्या स्कॉटलंडमधल्या मुलांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. हा फरक मुलांच्या बुद्धीचा नाही. स्पॅनिशमध्ये पाच स्वरचिन्हे आणि पाचच स्वर आहेत, आणि बहुतेक अक्षरांचा उच्चार ठरलेला आहे.

मात्र हे आकडे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचे आहेत. त्यांनी 'मारीपोसा' असे जुळवून वाचले की फुलपाखरू त्यांच्या डोळ्यांपुढे येते, कारण तो शब्द त्यांच्या कानात आधीपासून असतो. आपल्या मुलांच्या बाबतीत त्या आवाजापाशीच वाट संपू शकते. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचे जे साधे सूत्र मांडले, त्यात वाचन हा अक्षरे जुळवणे आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार मानला आहे, बेरीज नव्हे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. त्यामुळे अस्खलित वाचनाचे कौतुक जरूर करावे, पण त्यावर विसंबू नये.

अनुस्वार

मला या निवडीबद्दलच शंका आहे. परक्या भाषेत वाचताना मुलाच्या हाती एकच भक्कम आधार असतो, तो म्हणजे जगाविषयीचे त्याचे ज्ञान. गाय गवत खाते हे त्याला ठाऊक असते, म्हणून अनोळखी क्रियापदाचाही अर्थ तो लावू शकतो. अद्भुतकथा नेमका तोच आधार काढून घेते. त्याऐवजी प्राण्यांविषयीची साधी माहितीपर वाक्ये द्यावीत: बेडूक पाण्यात राहतो, वटवाघूळ रात्री उडते.

शिवाय पॅट्रिशिया गानेआ आणि सहकाऱ्यांचा २०१४ सालचा अभ्यास आहे. अपरिचित प्राण्यांविषयी मुलांना पुस्तके वाचून दाखवली, तेव्हा ज्या पुस्तकांत प्राणी माणसासारखे रंगवले होते त्यांतून मुले त्या प्राण्यांची खरी माहिती कमी शिकली आणि माणसाचे गुण प्राण्यांना अधिक चिकटवू लागली. मग हा मार्ग का धरावा?

रानवाट

अनुस्वार, तुम्ही सांगितलेला अभ्यास महत्त्वाचा आहे, परंतु त्याचा विषय प्राण्यांची माहिती हा होता आणि मृण्मयीताईंचा विषय वाचन हा आहे. त्यांच्या वर्गातल्या मुलांना गाय उडत नाही हे पक्के ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच त्या पानावर गंमत आहे.

तुमच्या पहिल्या मुद्द्याला मात्र मी पूर्ण उलट्या बाजूने पाहतो. जगाच्या ज्ञानाचा आधार असला की मूल वाचत नाही, अंदाज करते. 'ला बाका', म्हणजे 'गाय', एवढे दिसले की पुढे 'कोमे', म्हणजे 'खाते', असणारच असे धरून ते पुढे सरकते. इथे छापलेले असते 'बुएला', म्हणजे 'उडते'. अंदाज करणारे मूल इथे अडते आणि त्याला मागे फिरून अक्षरांकडे पाहावेच लागते. माहितीपर वाक्यांत मूल न वाचताही बरोबर ठरू शकते, अद्भुतकथेत तसे होऊ शकत नाही. समजले की नाही हे ओळखण्याची जी अडचण धाग्याच्या सुरुवातीला मांडली आहे, तिचे उत्तर या गोष्टीच्या अद्भुतपणातच आहे असे माझे मत आहे.

केतकीवन

रानवाट यांच्या प्रतिसादाला +१.

अनुस्वार

रानवाट, हा विचार मला पटण्यासारखा वाटतो, पण एका अटीवर. प्रत्येक पानावर चार-चार अशक्य गोष्टी असतील तर मूल चित्रांना शरण जाते आणि मजकूर सोडून देते. एका पानावर एकच अशक्य गोष्ट असावी, ती क्रियापदात असावी आणि ते क्रियापद मुलाने आधी तोंडी वापरलेले असावे. 'उडते', 'गाते', 'झोपते', 'रडते' एवढी क्रियापदे खेळातून पक्की झाली असतील तर माझा विरोध उरत नाही. चित्रांविषयीही सांगतो. चित्रातच गाय उडताना दाखवली असेल, तर वाक्य वाचण्याचे कारण संपते. पहिल्या वाचनाच्या वेळी चित्र झाकून ठेवावे आणि मुलाने वाक्य वाचून आधी स्वतः चित्र काढावे. मग पुस्तकातले चित्र उघडून दोन्ही शेजारी ठेवावीत.

प्राजक्त_सडा

मी मुलांना प्रत्येक स्पॅनिश ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहून देते. त्यामुळे मुलांची भीती जाते आणि उच्चारही नेमके येतात. स्पॅनिशचे 'त' आणि 'द' हे दंत्य आहेत, म्हणजे आपल्या 'तबला' आणि 'दार' यांतल्यासारखे. रोमन अक्षरे पाहून इंग्रजीच्या सवयीने मुले कासवाला 'टोर्टुगा' म्हणतात, तेच देवनागरीत 'तोर्तूगा' वाचले की अगदी बरोबर म्हणतात. 'प', 'त', 'क' हे महाप्राणाशिवाय उच्चारणेही मराठी मुलांना सहज येते. इतकी अनुकूल लिपी हाताशी असताना ती का वापरू नये?

स्वरमाला

प्राजक्त, दंत्य उच्चारांविषयी तुम्ही म्हणता ते अगदी खरे आहे. मराठी मुलांचा हा मोठा लाभ आहे आणि तो शिक्षकांनी मुद्दाम सांगायला हवा. परंतु दोन लिप्या एकाखाली एक असल्या की मुलाची नजर सवयीच्या लिपीकडेच जाते. त्या वेळी ते मूल देवनागरी वाचत असते, स्पॅनिश नव्हे, आणि देवनागरी काढून घेतली की तो वाचक नाहीसा होतो. उच्चार कानावाटे द्यावा आणि डोळ्यांसमोर एकच लिपी ठेवावी असे मला वाटते.

देवनागरीचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत 'मा, मे, मी, मो, मू' अशा क्रमाने अक्षरगट शिकवण्याची जुनी पद्धत आहे. बाराखडी शिकलेल्या मुलाला ही रचना नवी नसते, कारण व्यंजन तेच ठेवून स्वर बदलायचा ही कल्पना त्याच्या अंगवळणी पडलेली असते. इंग्रजी आधी शिकलेले मूल एकच स्वरचिन्ह कधी 'आ', कधी 'ए', कधी 'अ' असे वाचते. त्याला 'ही बाराखडी आहे, इथे स्वर आपला आवाज बदलत नाही' एवढे सांगितले की ते सावरते.

प्राजक्त_सडा

मग निदान पहिल्या आठवड्यापुरते तरी देवनागरी ठेवायला हरकत नसावी. माझ्या वर्गात काही मुले रोमन अक्षरांना इतकी बिचकतात की या आधाराशिवाय ती तोंडच उघडत नाहीत. त्यांच्यासाठी मी हा मार्ग सोडणार नाही. मात्र उच्चार ओळीखाली न लिहिता पानाच्या मागच्या बाजूला लिहिण्याचा प्रयोग करून पाहीन.

दूरदेशी_मराठी

मी अमेरिकेतल्या एका द्विभाषिक शाळेत वाचनासाठी मदत करते. तिथे स्पॅनिश आणि इंग्रजी शेजारीशेजारी शिकवतात. या पद्धतीची तिथली आधुनिक सुरुवात १९६३ साली मायामीतल्या कोरल वे शाळेत झाली असे मानले जाते. वर्गात काही मुलांच्या घरी स्पॅनिश बोलतात आणि काहींच्या घरी इंग्रजी. एकच प्राणिकथा दोन्ही प्रकारची मुले वाचतात, तेव्हा वर स्वरमाला यांनी सांगितलेला फरक स्पष्ट दिसतो. वाचण्याची गती सारखी असली तरी हसू कुणाला येते आणि कधी येते, यावरून समज ओळखता येते. उडणाऱ्या गाईच्या वाक्याशी जे मूल हसते, त्याला ते वाक्य समजले आहे.

एक सावधगिरी सुचवते. प्राण्यांची नावे स्पॅनिश भाषक देशांत वेगवेगळी असतात. डुकराला स्पेनमध्ये 'सेर्दो' म्हणतात, दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'चांचो' म्हणतात आणि मेक्सिकोत 'पुएर्को' किंवा 'कोचीनो' हे शब्द ऐकू येतात. मेक्सिकोतल्या पुस्तकांत घुबडासाठी 'तेकोलोते' आणि टर्कीसाठी 'ग्वाखोलोते' असे नावात्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले शब्दही भेटतात. 'सेता' (z) आणि 'ए' किंवा 'ई' या स्वरांआधी येणारे 'से' (c) ही अक्षरे स्पेनच्या बहुतेक भागांत जिभेचे टोक दातांमध्ये आणून 'थ'सारखी उच्चारतात, तर लॅटिन अमेरिकेत सरळ 'स' म्हणतात. म्हणून वटवाघूळ कुठे 'मुर्थिएलागो' होते आणि कुठे 'मुर्सिएलागो'. शिक्षकाने एक उच्चारपद्धत निवडावी, तिच्याशी जुळणारेच ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि वर्षभर त्यात बदल करू नये.

अर्धविराम

'मुर्सिएलागो' हा शब्द आरंभीच्या वाचकांसाठी फार मोलाचा आहे. त्यात स्पॅनिशचे पाचही स्वर एकेकदा येतात आणि आघातचिन्हही आहे. आघाताचा नियम मुलांना सांगण्यासारखा सोपा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, 'न' किंवा 'स' असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरगटावर पडतो, अन्यथा शेवटच्या गटावर पडतो, आणि जिथे हे मोडते तिथे स्वरावर तिरकी रेघ लिहिलेली असते. 'रातोन', म्हणजे उंदीर, हा एकवचनी शब्द रेघ घेऊन येतो आणि 'रातोनेस' या अनेकवचनात ती रेघ नाहीशी होते, कारण आता जोर आपोआप योग्य जागी पडतो. नियम न सांगता हे दोन शब्द शेजारी ठेवले तरी मुले फरक शोधून काढतात.

उलट्या प्रश्नचिन्हाचाही उपयोग करून घ्यावा. वाक्य प्रश्नार्थक आहे हे स्पॅनिशमध्ये वाचकाला आरंभीच कळते. स्पॅनिश भाषा अकादमीने हे चिन्ह १७५४ सालच्या लेखननियमांत आणले. चंद्र शोधणाऱ्या बेडकीच्या पालुपदाला सुरुवातीपासूनच प्रश्नाचा सूर लावायचा आहे, हे मुलाला ते चिन्हच सांगते.

केतकीवन

प्राण्यांच्या आवाजांविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. स्पॅनिश कोंबडा 'कीकीरीकी' करतो, बेडूक 'क्रोआक', बदक 'कुआक' आणि पिल्लू 'पीओ पीओ'. कोंबड्याच्या एका आरवण्यात 'कू' (q) हे अक्षर आणि त्यामागचा मूक 'ऊ' तीन वेळा येतो, त्यामुळे ही अवघड जोडी मुलांना वेगळी शिकवावी लागत नाही.

त्याला जोडूनच लघुत्वदर्शक, म्हणजे 'छोटेसे' असा अर्थ देणारे, प्रत्ययही येतात. प्राणिकथांत ते विपुल असतात आणि त्यांत लेखन बदलते पण आवाज टिकतो. 'बाका'ची 'बाकीता' होताना 'क' लिहिण्यासाठी अक्षर बदलावे लागते, 'तोर्तूगा'ची 'तोर्तुगीता' होताना 'ग' टिकवण्यासाठी एक मूक स्वर मध्ये घालावा लागतो. लहान वासराला आणि लहान कासवाला गोष्टीत आणले की लेखनाचे हे नियम आपोआप वाचनात येतात.

रानवाट

थोडे विषयाच्या कडेचे आहे, पण प्राणिकथेचे स्पॅनिशमधले मूळ इथे सांगावेसे वाटते. पंचतंत्रातल्या करटक आणि दमनक या कोल्ह्यांची गोष्ट पहलवी या जुन्या इराणी भाषेत गेली, तिथून आठव्या शतकात इब्न अल मुकफ्फा यांनी ती अरबीत आणली आणि १२५१ च्या सुमारास त्या अरबी ग्रंथाचे कास्तीलच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशच्या जुन्या रूपात, भाषांतर झाले. कास्तीलच्या भाषेतल्या आरंभीच्या कथागद्यात त्या ग्रंथाची गणना होते. बोलणारे प्राणी आपल्या मुलांना परके वाटतील ही काळजी म्हणूनच मला वाटत नाही. त्या कथांची चौकट ती मराठीत आधीच ऐकून आलेली असतात, आणि परक्या भाषेत वाचताना अशी परिचित चौकट फार उपयोगी पडते.

अनुस्वार

ही माहिती वाचून आनंद झाला. चौकट परिचित असली तरी व्याकरणातले लिंग मात्र मुलांना अडवते, याकडे लक्ष वेधतो. मराठीत बेडूक पुल्लिंगी आणि कासव नपुंसकलिंगी आहे. स्पॅनिशमध्ये दोन्ही स्त्रीलिंगी आहेत, चंद्रही स्त्रीलिंगी आहे आणि वटवाघूळ पुल्लिंगी आहे. यांतल्या बऱ्याच नावांचे नर-मादीप्रमाणे वेगळे रूप होत नाही, त्यामुळे कथेतला नर कासवही व्याकरणात स्त्रीलिंगीच राहतो. अद्भुतकथेत प्राणी हे पात्र असल्यामुळे विशेषणांतून हे सतत समोर येते. दमलेली बेडकी 'कान्सादा' असते आणि दमलेले वटवाघूळ 'कान्सादो'. मृण्मयीताईंनी प्रास्ताविकात 'बेडकी' हा शब्द वापरला, तो याच कारणासाठी असावा.

मृण्मयी_वाचनवेळ

होय, अनुस्वार, त्याच कारणासाठी. आधी मी 'बेडूक' म्हणून गोष्ट सांगत असे, तेव्हा मुले 'ला राना' वाचूनही विशेषण पुल्लिंगी करत. पात्राला मराठीतच स्त्रीरूप दिल्यावर हा प्रश्न जवळपास मिटला. चंद्राचे मात्र तसे करता येत नाही. त्यासाठी मी चित्रात चंद्राला आजीचा चेहरा दिला आहे.

सर्वांचे प्रतिसाद मी मनापासून वाचते आहे. आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे येते: वाचून दाखवणे आणि वाचायला देणे यांचा क्रम तुम्ही कसा लावाल?

दूरदेशी_मराठी

दोन्ही करावे, पण एकाच दिवशी नाही. पहिल्या दिवशी संपूर्ण गोष्ट शिक्षकाने वाचून दाखवावी, हातवारे आणि आवाजांसह, आणि पालुपद मुलांनी तोंडी म्हणावे. दुसऱ्या वेळी पालुपदाच्या ओळीवर बोट ठेवून ती मुलांनी वाचावी, बाकीचे शिक्षकाने. त्यानंतर अनुस्वार यांनी सुचवल्याप्रमाणे चित्र झाकून एकेक वाक्य मुलांकडे सोपवावे. गोष्ट पाठ झाली की ती वाचली जात नाही, म्हणून शेवटी क्रियापदांची अदलाबदल केलेली वाक्ये द्यावीत. पुस्तकात गाय उडते, आता तुमच्या कागदावर गाय गाते आणि कासव उडते. पाठांतराने म्हणणारे मूल इथे लगेच ओळखू येते.

स्वरमाला

या क्रमाला माझी एकच पुरवणी आहे. समज तपासताना उत्तर स्पॅनिशमध्ये मागू नये. समजणे हे बोलण्याच्या बरेच पुढे असते, आणि स्पॅनिश उत्तराच्या आग्रहामुळे समजलेले मूलही गप्प बसते. 'गोष्टीत पुढे काय झाले ते मराठीत सांग' असे म्हणावे. भूतकाळाचीही हीच गोष्ट आहे. स्पॅनिश कथेत दोन भूतकाळ एकमेकांत विणलेले असतात आणि शिक्षक त्याला घाबरतात. 'बेडकी तळ्यात राहत होती' आणि 'एके रात्री ती बाहेर आली' हा फरक मराठी मूल रोजच्या बोलण्यात करते. मराठीत गोष्ट सांगताना ते मूल हा फरक बरोबर करते का, एवढे ऐकले तरी त्याला स्पॅनिश वाक्यातला काळ कळला आहे की नाही ते समजते.

अर्धविराम

लेखनालाही जागा ठेवा. एमिलिया फेरेइरो आणि आना तेबेरोस्की यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पॅनिश भाषक मुलांच्या लेखनातली एक पायरी दाखवली आहे, जिथे मूल प्रत्येक अक्षरगटासाठी एकच चिन्ह लिहिते. 'मारीपोसा'साठी 'आ ई ओ आ' एवढेच चार स्वर कागदावर येऊ शकतात. तुमच्या गटातल्या एखाद्या मुलाने असे लिहिले तर ते खोडू नका. त्याला शब्दाचे चार तुकडे नीट ऐकू आले आहेत, व्यंजने पुढच्या पायरीवर येतील.

मृण्मयी_वाचनवेळ

पुढच्या तासाला पालुपद आणि चार क्रियापदे एवढ्यावरच थांबते. चित्रे झाकण्यासाठी जाड कागद कापून ठेवले आहेत आणि अदलाबदल केलेली वाक्ये लिहायला घेतली आहेत. एकच विचारायचे राहिले: वटवाघळाच्या पानावर 'नो बुएला', म्हणजे 'उडत नाही', असे आहे. नकार पहिल्याच गोष्टीत ठेवावा का?

रानवाट

जरूर ठेवावा. क्रियापदाच्या आधी येणारा तो छोटा शब्द घाईत वाचणारी मुले हमखास गाळतात. त्या पानावर एका बाजूला उडणारे आणि दुसऱ्या बाजूला फांदीला लटकलेले वटवाघूळ अशी दोन चित्रे द्या आणि वाक्याशी जुळणारे चित्र मुलांना निवडू द्या.